ओपन-ड्रेन सेन्सर प्रोसेसरच्या पिनला जोडताना: पुलअप, पातळ्या आणि लांब वायरी

ओपन-ड्रेन आउटपुट असलेल्या सेन्सरला एकच गोष्ट येते: लाइन ग्राउंडला खेचणं. आतला एन-चॅनल मॉसफेट चालू झाला की आउटपुट ० व्होल्टच्या जवळ येतं आणि बंद झाला की ती पिन कशालाच जोडलेली राहत नाही. ओपन-कलेक्टरमध्ये मॉसफेटच्या जागी एनपीएन ट्रान्झिस्टर असतो, बाकी वागणूक तीच. म्हणजे 'लो' सेन्सर देतो आणि 'हाय' आपण देतो. हाय किती व्होल्टचा असेल, तिथपर्यंत जायला किती वेळ लागेल आणि वाटेत किती नॉइज उचलला जाईल, हे सगळं आपण लाइन आणि सप्लाय यांच्यामध्ये लावलेल्या एका रेझिस्टरवर, म्हणजे पुलअपवर, ठरतं. जोडणीतल्या बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच सापडतं.

या रचनेचा मोठा फायदा असा, की सेन्सर १२ व्होल्टवर चालत असला तरी पुलअप ३.३ व्होल्टला बांधला तर पिनवर ३.३ व्होल्टच येतात. लेव्हल शिफ्टर, म्हणजे व्होल्टेजची पातळी बदलणारी वेगळी चिप, लागत नाही. पण आउटपुट खरोखर ओपन-ड्रेन असेल तरच.

आधी आउटपुट तपासा

'एनपीएन आउटपुट' किंवा 'ओपन-कलेक्टर' असं लेबलवर लिहिलेलं असतं, तरी आत सेन्सरच्याच सप्लायला बांधलेला पुलअप असू शकतो. धातू जवळ आल्याचं ओळखणाऱ्या इंडक्टिव्ह प्रॉक्झिमिटी सेन्सरच्या अनेक स्वस्त मॉडेलमध्ये तो असतो. एलएम३९३ कंपॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारी चिप) असलेल्या छोट्या मॉड्यूलवर तर बहुतेक वेळा १० किलोओहमचा पुलअप आणि आउटपुटची स्थिती दाखवणारा एलईडी दोन्ही असतात. असा सेन्सर २४ व्होल्टवर चालवून त्याचं आउटपुट थेट ३.३ व्होल्टच्या पिनला दिलं, तर पिन जायला वेळ लागत नाही.

तपासणी पाच मिनिटांची आहे. प्रोसेसर बाजूला ठेवा. सेन्सरला त्याचा नेहमीचा सप्लाय द्या. आउटपुट आणि ग्राउंड यांच्यामध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर लावा आणि सेन्सर निष्क्रिय असताना व सक्रिय असताना, दोन्ही वेळा त्या रेझिस्टरवरचं व्होल्टेज मोजा. रेझिस्टर न लावता नुसता मीटर लावू नका. डिजिटल मीटरचा इनपुट साधारण १० मेगाओहम असतो, त्यामुळे तरंगत्या लाइनवर तो काहीही दाखवतो आणि त्या आकड्याला अर्थ नसतो.

दोन्ही वेळा रीडिंग शून्याच्या जवळ आलं, तर आउटपुट खरं ओपन-ड्रेन आहे. थोडे मिलीव्होल्ट दिसले तर ती गळती समजा. १० मायक्रोअँप गळती १० किलोओहमवर ०.१ व्होल्ट दाखवते. कोणत्याही एका वेळी पूर्ण सप्लायइतकं रीडिंग आलं, तर आउटपुट पुश-पुल (लाइन वर आणि खाली दोन्हीकडे खेचणारं) किंवा पीएनपी (फक्त वर, सप्लायकडे खेचणारं) आहे आणि या लेखातली साधी जोडणी त्याला चालणार नाही. निष्क्रिय असताना मधलाच आकडा आला तर आत पुलअप आहे, आणि तो किती ओहमचा हेही त्याच रीडिंगवरून कळतं:

आतला पुलअप = १० किलोओहम × (सप्लाय − रीडिंग) ÷ रीडिंग

१२ व्होल्टच्या सप्लायवर ६ व्होल्ट दिसले, तर आत १० किलोओहम आहेत. २४ व्होल्टवर १९.६ दिसले, तर सुमारे २.२ किलोओहम. मॉड्यूलवर आउटपुटला एलईडी असेल, तर त्यातूनही करंट येतो आणि हिशेबाचं उत्तर खऱ्यापेक्षा कमी निघतं. तेवढं ध्यानात ठेवा.

आता तोच रेझिस्टर ग्राउंडवरून काढून सप्लायला लावा, सेन्सर सक्रिय करा आणि लो पातळी मोजा. हा आकडा लिहून ठेवा, पुढे लागणार आहे. शक्य असेल तर प्रत्यक्षात जेवढा करंट सेन्सरला ओढावा लागणार आहे, तेवढाच वाहील असा रेझिस्टर इथे वापरा.

पुलअपची व्हॅल्यू

तीन बंधनं असतात: एक खालून आणि दोन वरून.

खालचं बंधन सेन्सरच्या ताकदीचं. लो देताना पुलअपमधला सगळा करंट सेन्सरला ग्राउंडकडे वाहून न्यावा लागतो. डेटाशीटमध्ये 'इतक्या मिलीअँपला जास्तीत जास्त इतके व्होल्ट' असं दिलेलं असतं. ३ मिलीअँपला ०.४ व्होल्ट दिले असतील, तर ३.३ व्होल्टवर किमान रेझिस्टर (३.३ − ०.४) ÷ ३ मिलीअँप, म्हणजे साधारण ९७० ओहम. डीएस१८बी२० या तापमान सेन्सरला ०.४ व्होल्टवर ४ मिलीअँपची मर्यादा आहे, त्यामुळे ५ व्होल्टच्या पुलअपला १.१५ किलोओहमच्या खाली जाता येत नाही. नेहमी लावले जाणारे ४.७ किलोओहम या हद्दीच्या बरेच वर आहेत. लांब वायरीवर २.२ किलोओहमपर्यंत यायला जागा उरते.

पहिलं वरचं बंधन गळतीचं. ट्रान्झिस्टर बंद असतानाही थोडा करंट जातो आणि उष्णतेबरोबर तो वाढतो. ए३१४४ प्रकारच्या, चुंबक ओळखणाऱ्या हॉल सेन्सरची कमाल गळती १० मायक्रोअँप आहे. असे पाच सेन्सर एका लाइनवर असतील, तर वाईटात वाईट ५० मायक्रोअँप. ईएसपी३२ या प्रोसेसरला हाय म्हणून ओळखायला सप्लायच्या ०.७५ पट, म्हणजे ३.३ व्होल्टवर २.४७५ व्होल्ट लागतात. पुलअपवर खर्च करायला ०.८२५ व्होल्टच उरतात, ०.८२५ ÷ ५० मायक्रोअँप म्हणजे १६.५ किलोओहम. एकट्या सेन्सरला हे बंधन जाचत नाही. पाच सेन्सर, उन्हात तापलेला डबा आणि ४७ किलोओहमचा पुलअप असं जमून आलं, की लाइन दुपारी चुकते आणि संध्याकाळी बरोबर चालते.

दुसरं वरचं बंधन वेळेचं, आणि प्रत्यक्षात बहुतेक वेळा हेच आडवं येतं. लो होताना लाइन ट्रान्झिस्टरमधून झटकन रिकामी होते. हाय होताना मात्र वायरीची कपॅसिटन्स पुलअपमधून भरावी लागते. १० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत चढायला २.२ × रेझिस्टर × कपॅसिटन्स इतका वेळ जातो. शील्ड असलेल्या केबलला मीटरमागे १०० पिकोफॅरड धरले तर १० मीटरला १ नॅनोफॅरड होतो. त्यावर ४५ किलोओहमचा पुलअप असेल तर चढाईला जवळपास १०० मायक्रोसेकंद, ४.७ किलोओहम असेल तर १० मायक्रोसेकंद आणि १ किलोओहम असेल तर २.२ मायक्रोसेकंद लागतात.

हे ४५ किलोओहम मनाने घेतलेले नाहीत. ईएसपी३२ च्या आतल्या पुलअपची ती ठराविक व्हॅल्यू आहे. इतर प्रोसेसरपैकी एटीमेगा३२८पी मध्ये २० ते ५० किलोओहम, एसटीएम३२एफ१०३ मध्ये ३० ते ५०, आरपी२०४० मध्ये ५० ते ८०. बोर्डवरच्या बटणाला किंवा दोन-चार इंच वायरीला हे पुरतं. सेन्सर केबलच्या टोकाला असेल, तर आतला पुलअप चालू ठेवायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नका. बाहेर रेझिस्टर लावाच.

सुरुवात कुठून करायची? बोर्डवर किंवा अर्ध्या मीटरच्या आत १० किलोओहम. काही मीटर वायर असेल तर ४.७ किंवा २.२ किलोओहम. मोटर, रिले, व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) यांच्या शेजारून जाणारी केबल असेल तर १ ते २.२ किलोओहम, म्हणजे ३.३ व्होल्टवर लाइनमध्ये दीड ते तीन मिलीअँप वाहतील आणि शेजारच्या वायरीतून येणाऱ्या टोचण्यांना लाइन हलवणं अवघड जाईल. मग खालचं बंधन पुन्हा एकदा तपासून घ्या.

बॅटरीवरच्या यंत्रात उलट ओढ असते. ४.७ किलोओहमच्या पुलअपवर लाइन सतत लो राहिली तर ०.७ मिलीअँप जातात, म्हणजे दिवसाला सुमारे १७ मिलीअँप-तास. जो सेन्सर बहुतांश वेळ सक्रिय असतो, त्याचा पुलअप सप्लायला बांधू नका. प्रोसेसरच्या एका मोकळ्या पिनवरून त्याला पुरवठा द्या, वाचण्यापुरती ती पिन हाय करा आणि वाचून झालं की लो.

पुलअप कुठल्या सप्लायला बांधायचा

प्रोसेसरच्या इनपुट-आउटपुट सप्लायला. सेन्सरच्या सप्लायला नव्हे. रास्पबेरी पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, ५ व्होल्ट सोसणाऱ्या नाहीत. ईएसपी३२ च्या डेटाशीटमध्येही इनपुटची कमाल मर्यादा सप्लायच्या ०.३ व्होल्ट वर, एवढीच आहे. एसटीएम३२ च्या ज्या पिनांपुढे 'एफटी' लिहिलेलं असतं, त्या ५ व्होल्ट सोसतात. मात्र तशा वापरात त्या पिनचा आतला पुलअप बंद ठेवावा लागतो आणि चिपचा सप्लाय गेलेला असताना ही सहनशक्ती पूर्ण राहत नाही.

'५ व्होल्टला १० किलोओहमनं बांधलंय आणि वर्षभर चालतंय' असे बोर्ड पुष्कळ आहेत. पिनच्या आतला संरक्षक डायोड एक-दोन दशांश मिलीअँप ३.३ व्होल्टच्या रेलमध्ये, म्हणजे सप्लायच्या लाइनमध्ये, ढकलतो, म्हणून ते चालतं. चिपच्या डेटाशीटमध्ये इंजेक्शन करंटची (पिनमधून असा आत ढकलल्या जाणाऱ्या करंटची) मर्यादा स्पष्ट दिली असेल तर तो हिशेबात धरता येतो. दिली नसेल तर ते निव्वळ नशीब. शिवाय प्रोसेसर झोपेत असताना हाच करंट त्याच्या रेलला हळूहळू वर नेतो आणि अर्धवट जागी झालेली चिप शोधत बसावी लागते.

लो पातळी खरंच लो आहे का

सगळं लक्ष हायकडे जातं आणि इकडे दुर्लक्ष होतं. एटीमेगा३२८पी ५ व्होल्टवर १.५ व्होल्टच्या खालचं लो मानतो. ईएसपी३२ ३.३ व्होल्टवर फक्त ०.८२५ व्होल्टच्या खालचं. मॉसफेट आउटपुट काही मिलीव्होल्टवर येतं, एलएम३९३ ४ मिलीअँपला ०.४ व्होल्टच्या आत असतो. पण औद्योगिक एनपीएन सेन्सरच्या आउटपुटमध्ये संरक्षणासाठी मालिकेत डायोड असू शकतो किंवा डार्लिंग्टन जोडी (एकामागे एक जोडलेले दोन ट्रान्झिस्टर) असू शकते. मग हलक्या लोडवरही लो पातळी ०.७ ते १ व्होल्टवर अडते आणि पूर्ण लोडवर आणखी वर जाते. जुन्या ५ व्होल्टच्या बोर्डवर नीट चाललेला सेन्सर ३.३ व्होल्टच्या बोर्डवर रुसतो, त्याचं हे नेहमीचं कारण. सुरुवातीला लिहून ठेवलेला आकडा इथे ताडून बघा. निदान ०.३ व्होल्टची सवड नसेल तर थेट जोडू नका, ऑप्टोकपलर लावा, म्हणजे आतल्या एलईडीच्या प्रकाशाने पलीकडचा ट्रान्झिस्टर चालू करणारा भाग.

ग्राउंडही यात भर घालतो. ०.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीला मीटरमागे सुमारे ०.०३४ ओहम रोध असतो. ५ मीटरला ०.१७ ओहम. त्याच वायरीतून एखाद्या सोलेनॉइडचे २ अँप परत येत असतील, तर सेन्सरचा ग्राउंड प्रोसेसरच्या ग्राउंडपेक्षा ०.३४ व्होल्टनी वर उचलला जातो आणि तेवढीच लो पातळी चढते. सोलेनॉइड चालू असतानाच सेन्सर चुकत असेल तर कोड वाचत बसू नका. सेन्सरला ग्राउंडची स्वतंत्र वायर द्या.

आतला पुलअप जास्त व्होल्टेजला असेल तर

५ व्होल्टचं एलएम३९३ मॉड्यूल असेल, तर पहिला उपाय ते ३.३ व्होल्टवर चालवणं. चिप २ व्होल्टपासून चालते. अट एवढीच, की तिच्या इनपुटची उपयोगी कक्षा सप्लायच्या दीड व्होल्ट खाली संपते, तापमानाची पूर्ण कक्षा धरली तर दोन व्होल्ट खाली. म्हणजे ३.३ व्होल्टवर तुलना १.३ ते १.८ व्होल्टच्या खालीच व्हायला हवी. दोन्ही इनपुट त्याच्या वर गेले तर आउटपुटवर विश्वास ठेवता येत नाही. पोटेन्शिओमीटर वरच्या अर्ध्यात फिरवल्यावर मॉड्यूल 'अडकतं', ते यामुळेच.

मॉड्यूल ५ व्होल्टवरच चालवायचं असेल आणि आत १० किलोओहमचा पुलअप असेल, तर आउटपुट ते ग्राउंड १८ किलोओहमचा एक रेझिस्टर पुरतो. ५ × १८ ÷ २८ म्हणजे ३.२ व्होल्ट. लो पातळीला धक्का लागत नाही. एलईडीमुळे आकडा थोडा सरकतो, म्हणून पिनला जोडण्याआधी मोजा, ३.४ च्या वर दिसलं तर रेझिस्टर कमी करा. वेगवान सिग्नल असेल तर ३.३ व्होल्टवर चालणारं ७४एलव्हीसी१जी१७ हे श्मिट बफर (चढताना आणि उतरताना वेगळा उंबरठा असणारी चिप) लावा. त्याचा इनपुट ५.५ व्होल्टपर्यंत सोसतो आणि कडा स्वच्छ होतात ते वेगळंच. दोन्ही दिशांनी बोलणाऱ्या लाइनसाठी, जसं आय-टू-सी, बीएसएस१३८ मॉसफेट आणि दोन्ही बाजूंना एकेक पुलअप ही रूढ रचना आहे.

३.३ व्होल्टचा झेनर लावून मोकळं व्हायची सवय मात्र सोडा. इतक्या कमी व्होल्टेजचे झेनर लेबलवरचा आकडा ५ मिलीअँपच्या आसपास दाखवतात. १० किलोओहममधून येणाऱ्या दोन-तीन दशांश मिलीअँपवर ते त्याच्या बरंच खाली बसतात, आणि मग पिन हाय ओळखायच्या उंबरठ्यावर किंवा त्याच्याही खाली राहते.

१२ किंवा २४ व्होल्टच्या सेन्सरसाठी दोन मार्ग. लो पातळी खूप चांगली, म्हणजे ०.२ व्होल्टच्या आत असेल, तर उलटा डायोड: कॅथोड सेन्सरच्या आउटपुटकडे, अ‍ॅनोड प्रोसेसरच्या पिनकडे आणि पिनला ३.३ व्होल्टचा पुलअप. सेन्सर हाय असताना डायोड बंद राहतो आणि २४ व्होल्ट पलीकडेच थांबतात. लो असताना तो पिनला खाली ओढतो, पण स्वतःचा ड्रॉप मिळवून. बीएटी५४ सारखा शॉटकी ३०० मिलीव्होल्टच्या आत भागवतो, मात्र त्याची उलटी मर्यादा ३० व्होल्टच आहे, त्यामुळे १२ व्होल्टला ठीक आणि २४ व्होल्टला काठावर. १एन४१४८ १०० व्होल्ट सोसतो, पण ०.६ व्होल्टच्या आसपास खातो आणि ईएसपी३२ च्या ०.८२५ मधून फारसं काही उरत नाही.

म्हणून २४ व्होल्टला सरळ ऑप्टोकपलर. पीसी८१७ साठी जोडणी अशी: +२४ व्होल्टपासून ४.७ किलोओहम, तिथून ऑप्टोच्या एलईडीचा अ‍ॅनोड, कॅथोड सेन्सरच्या आउटपुटला. करंट (२४ − १.२) ÷ ४.७ किलोओहम, सुमारे ४.९ मिलीअँप, रेझिस्टरमध्ये ०.११ वॅट जळतात, पाव वॅटचा पुरेल. एलईडी उलट दिशेने फक्त ६ व्होल्ट सोसतो, म्हणून त्याला उलटा समांतर १एन४१४८ लावा. पलीकडे एमिटर प्रोसेसरच्या ग्राउंडला, कलेक्टर पिनला, पिनपासून ३.३ व्होल्टला १० किलोओहम. पीसी८१७ चा करंट ट्रान्सफर रेशो (एलईडीच्या करंटच्या तुलनेत ट्रान्झिस्टर किती ओढू शकतो ते प्रमाण) कमीत कमी ५० टक्के धरला तरी २.४ मिलीअँप ओढायची ताकद आहे आणि लागतात ०.३३, म्हणजे लो पक्का. सेन्सरची लो पातळी १ व्होल्ट असो की २, इथे फरक पडत नाही. आतला पुलअपही निरुपद्रवी होतो. तोटा वेगाचा: १० किलोओहमवर हा ट्रान्झिस्टर बंद व्हायला आळशी आहे. काही किलोहर्ट्झच्या पुढे जायचं असेल तर पुलअप २.२ किलोओहमवर आणा किंवा वेगवान ऑप्टो घ्या.

लांब केबल आणि फिल्टर

पुलअप प्रोसेसरच्या बाजूला ठेवा आणि सिग्नलची वायर ग्राउंडच्या वायरीशी पिळून न्या. पिनच्या आधी मालिकेत एक रेझिस्टर आणि पिनवर एक कपॅसिटर लावायचा असेल, तर क्रम महत्त्वाचा. केबल, मग पुलअप, मग मालिकेतला रेझिस्टर, मग कपॅसिटर आणि पिन. पुलअप पिनच्या बाजूला लावला, तर लो असताना मालिकेतल्या रेझिस्टरवर व्होल्टेज उरतं: १० किलोओहमचा पुलअप आणि १ किलोओहमचा मालिका रेझिस्टर असेल तर ३.३ ÷ ११, म्हणजे ०.३ व्होल्ट विनाकारण वाढले.

२.२ किलोओहमचा पुलअप, १ किलोओहम मालिकेत आणि १०० नॅनोफॅरड पिनवर, हा दरवाजा, फ्लोट किंवा प्रॉक्झिमिटीसारख्या संथ सेन्सरसाठी चांगला संच आहे. उतरताना टाइम कॉन्स्टंट १०० मायक्रोसेकंद, चढताना ३.२ किलोओहमच्या हिशेबाने ३२० मायक्रोसेकंद. फ्लो मीटर किंवा चाकाचा हॉल सेन्सर असेल तर कपॅसिटर १० नॅनोफॅरडवर आणा. कपॅसिटर थेट सेन्सरच्या आउटपुटला, मध्ये रेझिस्टर न ठेवता लावू नका. प्रत्येक लोला तो आतल्या ट्रान्झिस्टरमधून झटक्यात रिकामा होतो.

चढाई उतरणीपेक्षा संथ असल्यामुळे लोचा कालावधी लांबतो आणि हायचा तेवढाच आखडतो. पल्सची रुंदी मोजणारा कोड त्यामुळे फसतो. वारंवारता किंवा वेग मोजायचा असेल, तर एका उतरत्या कडेपासून पुढच्या उतरत्या कडेपर्यंत मोजा. तिथे पुलअपचा संबंध जवळजवळ राहत नाही. चढत्या कडेवर इंटरप्ट (पिन बदलताच प्रोसेसरला हाक देणारी सोय) लावला आणि कड संथ असली, तर उंबरठ्याजवळचा थोडासा नॉइजही एका पल्सचे दोन-तीन करतो.

एका लाइनवर अनेक सेन्सर

ओपन-ड्रेन आउटपुट एकमेकांना थेट जोडता येतात. कोणीही एक लो झाला की लाइन लो. पुश-पुल आउटपुट असे जोडले तर एक वर खेचतो, दुसरा खाली, आणि दोघे तापतात. मॉड्यूल जोडताना प्रत्येकाचा पुलअप समांतर येतो हे विसरू नका: १० किलोओहमचे चार म्हणजे २.५ किलोओहम, दहा म्हणजे १ किलोओहम. दहाव्या मॉड्यूलनंतर एकट्या सेन्सरला सगळ्यांचा मिळून ३.३ मिलीअँप ओढावा लागतो.

सामाईक इंटरप्ट लाइनवर कड-आधारित इंटरप्ट धोक्याचा आहे. पहिला सेन्सर लाइन सोडायच्या आत दुसऱ्याने खेचली, तर नवी कड येतच नाही आणि दुसऱ्याची हाक कायमची बुडते. पातळी-आधारित इंटरप्ट वापरा. ते शक्य नसेल तर हँडलरमधून बाहेर पडण्याआधी लाइन हाय झाली का ते बघा आणि झाली नसेल तर सगळ्या सेन्सरना पुन्हा विचारा.

पिन निवडताना आणि कोडमध्ये

ईएसपी३२ च्या ३४ ते ३९ या पिना फक्त इनपुट आहेत आणि त्यांना आतला पुलअप नाही. कोडमध्ये पुलअप मागितला तरी तिथे काही होत नाही, लाइन तरंगत राहते. याच चिपची १२ नंबरची पिन सुरू होताना फ्लॅशचं व्होल्टेज ठरवते. तिथे बाहेरून पुलअप लावला तर ३.३ व्होल्टच्या फ्लॅशचा बोर्ड बूटच होत नाही. रास्पबेरी पायवर जीपीआयओ २ आणि ३ ला बोर्डवरच १.८ किलोओहमचे पुलअप आहेत, ते काढता येत नाहीत. उलट आरपी२०४० मध्ये रीसेटनंतर पिनांचा पुलडाउन, म्हणजे लाइन ग्राउंडकडे ओढणारा आतला रेझिस्टर, चालू असतो. ५० किलोओहमचा तो पुलडाउन आणि बाहेर ४७ किलोओहमचा पुलअप म्हणजे लाइन १.७ व्होल्टवर, कोडमध्ये तो आधी बंद करा.

आतला पुलअप चालू केल्या-केल्या लगेच वाचू नका. ४५ किलोओहम आणि १ नॅनोफॅरड असेल तर लाइन चढायला जवळपास १०० मायक्रोसेकंद लागतात आणि पहिलं रीडिंग खोटा लो देतं. तर्क उलटा आहे, हे कोडमध्ये एकाच ठिकाणी मिटवा: पिन वाचणाऱ्या फंक्शनमध्येच उलटं करून 'सक्रिय' असं नाव द्या. लिनक्सवर डिव्हाइस ट्रीमध्ये पिन 'अ‍ॅक्टिव्ह लो' म्हणून नोंदवली की तेच काम होतं. मात्र दोन्हीकडे उलटं केलं तर पुन्हा सुलटं होतं, आणि हा घोळ शोधायला ऑसिलोस्कोप उपयोगी पडत नाही.

तुटलेली वायर आणि निष्क्रिय सेन्सर दोन्ही प्रोसेसरला हायच दिसतात. टाकी भरून वाहणं किंवा यंत्राचं कव्हर उघडं राहणं यासारख्या गोष्टींसाठी 'नॉर्मली क्लोज्ड' सेन्सर घ्या. नेहमीच्या स्थितीत तो लाइन लो धरून ठेवतो. घटना घडली, वायर तुटली किंवा सेन्सरचा सप्लाय गेला, तिन्ही वेळा लाइन हाय होते.

चालत नसेल तर पिनवरचं व्होल्टेज काय सांगतं

कायम ३.३ व्होल्ट: दोन्ही ग्राउंड जोडलेले नाहीत, सेन्सरला सप्लाय नाही किंवा तो पीएनपी आहे. प्रॉक्झिमिटी सेन्सरवर तपकिरी वायर धन, निळी ऋण आणि काळी आउटपुट. निळी प्रोसेसरच्या ग्राउंडलाही गेली पाहिजे. हॉल सेन्सर असेल तर चुंबक उलटा करून बघा, हे सेन्सर बहुधा एकाच ध्रुवाला दाद देतात.

कायम शून्य: पुलअपच नाही आणि पुलडाउन चालू आहे, किंवा हॉल सेन्सर लॅच प्रकारचा आहे आणि सुटायला विरुद्ध ध्रुव मागतो आहे.

मधलाच आकडा, एक ते दोन व्होल्ट: बहुधा एखादं मॉड्यूल सप्लायविना लाइनवर लटकलेलं आहे. त्याचा १० किलोओहमचा पुलअप मेलेल्या रेलकडे करंट ओढतो, तुमचा १० किलोओहम ३.३ व्होल्टकडून भरतो, आणि लाइन १.६५ च्या आसपास बसते. त्या मॉड्यूलचा सप्लाय लावा किंवा आउटपुट सोडवा.

लो असताना ०.९ ते १.५ व्होल्ट: सेन्सरचा आतला ड्रॉप किंवा ग्राउंडमधला. मीटरची काळी प्रोब आधी सेन्सरच्या ग्राउंडवर ठेवून मोजा, मग प्रोसेसरच्या ग्राउंडवर. दोन रीडिंगमधला फरक वायरीचा, उरलेला सेन्सरचा.